गुंडू सार

सोमवार, १७ नोव्हेंबर

अम्माचं दिवसकार्य झाल्यावर आज पहिल्यांदा शाळेत गेलो. पहिलीच्या वर्गात पाय ठेवताच श्रावणी ओरडली, "गुंडू सार!" तेलुगूत गुंडू म्हणजे तुळतुळीत डोकं. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. अम्मा गेल्यापासून माझ्याशी तेलुगूत कुणी बोललंच नव्हतं. घरात आता दुसरं आहे कोण?

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक बाईंनी बोलावलं. "सर, दुःख कळतं की. पण रविवारी टीईटीची परीक्षा आहे. आता नोकरीतल्या शिक्षकांनाही पास व्हावंच लागतंय. नाही झालात तर मी तरी काय करू?"

"बाई, पहिलीची निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात. शाळेत तेलुगू येणारा मी एकटाच."

"त्याला मार्क कुठं आहेत, सर?"

नाहीतच. इतकी वर्षं शिकवलं, ते धरत नाहीत. परीक्षा टाळता येत नाही आणि वाचलेलं डोक्यात शिरत नाही.

येताना सात रस्ता चौकात टीईटीचं पुस्तक घेतलं. पहिलाच प्रश्न: लहान मूल कोणत्या भाषेतून लवकर शिकतं? मातृभाषेवर खूण केली. त्यापुढं काही वाचवेना. मी नापास झालो तर श्रावणी पोट दुखतंय हे कुणाला सांगणार? आणि मला गुंडू कोण म्हणणार?

डोकं कोरडं पडलंय. तेल लावायचं काम अम्माचं. मघाशी वाटी घेऊन बसलो आणि माझं मीच लावलं.