ओली फरशी, फाटकी चप्पल आणि वारा

ता. ४

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तू हाडांची डॉक्टर, म्हणून आधी हाडांचे सांगतो. माझ्या लेकीच्या दोन्ही टाचा आणि कमरेचा एक मणका मोडला. गच्चीवर कपडे वाळत घालताना पाय घसरून खाली पडली. शस्त्रक्रिया झाली, जिवावरचे टळले. कूस बदलायला चौघे लागतात. ओंडका फिरवावा तसे एका दमात फिरवायचे. मी पाय धरतो. माझे ‘एक, दोन, तीन’ फार संथ पडते, मास्तर, संथा देऊ नका, असे सिस्टरांनी बजावले आहे.

भेटायला येणाऱ्यांना हकीकत मीच सांगतो. सांगून सांगून तिला बरा घाट आला आहे: ओली फरशी, फाटकी चप्पल, वारा. लेक छताकडे बघत ऐकते. जेवत नाही. पुढल्या आठवड्यात घरी सोडतील. आमचे घर वरच्या मजल्यावर असले तरी लिफ्ट आहे, काळजी नसावी.

लोभ आहेच, सल्लाही धाड, फुकट आहे तोवर.

दादा

ता. ७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वारा जास्त झाला, दादा. फरशीवर थांबायचे होतेस.

काल पोरीशी फोनवर बोलले. कशी पडलीस विचारले, तर ‘बाबा सांगतात तसेच’ एवढेच म्हणाली. तिने नोकरी सोडल्याचेही तिच्याकडूनच कळले. तू काही बोलला नव्हतास.

माझ्या वॉर्डातही असे ‘पाय घसरलेले’ येतात. घरचे सांगतात, आम्ही मानतो, हाड जोडून घरी पाठवतो. मनाच्या डॉक्टरांना कुणी बोलावत नाही. एक बाई अशी दोनदा आली. पहिल्या खेपेला मी तिचे हाड फार सुरेख जोडले होते. दुसऱ्या खेपेला जोडायला काही उरले नव्हते.

पोरीला घरी न्यायच्या आधी डॉक्टरांना खरे सांग. तिच्यासमोर सांग. रागावू नकोस, रडलास तर चालेल.

आशीर्वाद असू दे, पण आधी एवढे कर.

तुझी पन्नाशीची बेबी

ता. ११

चि. बेबीस,
अ. उ. आ.

सांगितले. सकाळच्या फेरीला लेकीचा हात धरून म्हणालो, पाय घसरला नाही, ती आपणहून खाली गेली. गच्चीवर कपडे नव्हतेच, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जन्मभर पोरांचे उच्चार सुधारले, आणि एवढे सांगताना चारदा अडखळलो. डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

ते गेल्यावर लेक म्हणाली, रोज तुमची गोष्ट ऐकून वाटायचे, माझे खरे कुणाला चालणारच नाही. मग म्हणाली, वारा मात्र छान होता. जीभ आत्यावर गेली आहे.

घरी जाणे लांबले. दुपारी मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. मला पडद्याबाहेर काढले. आत लेक बोलत होती. शब्द कळत नव्हते, मी कानही दिला नाही. कूस बदलायची वेळ झाली, माणसे जमली. तेव्हा आतून तीच म्हणाली की थांबा, माझे बोलून व्हायचे आहे.

आम्ही चौघे बाहेर उभे राहिलो.

तुझा लोभ इकडे थोडा जास्त लागेल. ये.

दादा