पाण्याच्या जागी बॅटरी

अण्णा, मी पुन्हा सायकल चालवायला लागले आहे, आणि तीही विजेवरची. ऐकून तुम्ही आधी हसाल आणि मग विचाराल, वीजच चालवते तर तू काय करतेस? मलाही पहिले काही दिवस हाच प्रश्न पडला होता. पण ही फटफटी नाही. पॅडल मारलं तरच मोटर मदत करते, पाय थांबले की तीही थांबते. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची, आणि बॅटरी तिच्या मधल्या नळीच्या पोटात लपलेली. बँकेतून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, गुडघे कुरकुर करत होते, डॉक्टर म्हणाले हालचाल ठेवा, म्हणून घेतली. शेजारणी म्हणाल्या, या वयात? मीही मनात तेच म्हटलं आणि घेऊन टाकली. घरी अडवायला कोणी नव्हतंच. यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

आई हल्ली धाकट्याकडे असते, कृष्णराजनगरला. त्याचं तिथे बियाण्यांचं दुकान आहे, घर मागेच. मी दर शनिवारी जाते. म्हैसूरहून निघायचं, येलवाल मागे टाकायचं, सागरकट्ट्याचा पूल ओलांडायचा आणि मग भातशेतांमधून सरळ. चाळीसेक किलोमीटर होतात. जाईपर्यंत बॅटरी निम्म्याहून जास्त संपते, कारण मी काही शर्यतवाली नव्हे, चढ आला की मदत वाढवते. परतीला ती पुरत नाही. म्हणून सुरुवातीला मी पोचल्या पोचल्या पडवीतल्या सॉकेटला सायकल लावत असे. पुरती भरायला तीन तास. तेवढा वेळ आईजवळ बसायचं, दुसरा इलाजच नव्हता.

ते तीन तास कसे असतात ते तुम्हाला सांगते. आई विचारते, "यांचं जेवण झालं का गे?" हे म्हणजे तुम्ही. पहिल्या वर्षी मी खरं सांगायची, की तुम्ही आता नाही, मग ती नव्याने रडायची. आता मी म्हणते, झालं. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मग बँकेत सुट्टी आहे का. मग तुझी लेकरं कुठे आहेत, जी मला नाहीत. अधूनमधून ती उठून पडवीत जायची, सायकलीच्या सीटवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "मत्ते, मग पोट भरलं का हिचं?" एवढंच काय ते हसायचं. वहिनी बिचारी दिवसरात्र हे निभावते आणि तोंड वाकडं करत नाही. मला तीन तासांत घाम फुटतो. मी सारखी चार्जरच्या लाल दिव्याकडे बघत बसायची, कधी एकदा हिरवा होतो म्हणून.

मग मी एक जादा बॅटरी घेतली. सायकलवाले तिला रेंज एक्स्टेंडर म्हणतात. काळी, गोल, अगदी पाण्याच्या बाटलीएवढी, आणि बसतेही बाटलीच्याच खोबणीत. तिची छोटी वायर खाली सायकलीच्या नळीला जोडली की ती आतल्या बॅटरीला पुरवत राहते आणि जाऊन येऊन सगळं अंतर आरामात होतं. सवय लावावी लागते: रबराचा पट्टा आवळायचा, नाहीतर खड्ड्यात उडते, उन्हात तापू द्यायची नाही, वायर काढली की भोकावर रबरी झाकण बसवायचं. माझी सायकल बुटक्या माणसाची, त्यामुळे तिला बाटलीची खोबण एकच. पाण्याची बाटली गेली पाठीवरच्या पिशवीत. धाकट्याला मी सांगितलं की आता लांब लांब जाता येईल, बैलकुप्प्याच्या तिबेटी मठांपर्यंत जाऊन येईन. तो खूश झाला. बैलकुप्प्याला मी अजून गेलेली नाही. मला फक्त त्या तीन तासांतून सुटका हवी होती. आता मी चाळीस मिनिटांत उठायला लागले. "अय्यो, स्वल्प बस की गे," आई म्हणायची. मी म्हणायची, उशीर होतो, ऊन होतं, वारा सुटतो. जे सुचेल ते.

आपल्या घरी पाणी आईच भरायची, आठवतं? परसात चुलाणावर रंगाचे हंडे, दोरीवर ओली लुगडी, आणि तुमचे हात कोपरापर्यंत कधी निळे तर कधी डाळिंबी. रंगाच्या हातांनी पिण्याच्या पाण्याला शिवायचं नाही हा आपल्याकडचा नियम, आणि तुमचे हात कधी बिनरंगाचे नसायचेच. म्हणून तुम्ही लुगड्यांचा गठ्ठा कॅरिअरला बांधून निघालात की आई फिरकीचा तांब्या भरून, पुसून, स्वतः हँडलला अडकवायची. तुम्हालाच असं नाही. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, शाळेला निघालेलो आम्ही असो, कोणालाही वाटेचं पाणी दिल्याशिवाय तिने दारातून सोडलं नाही. रंगाचं काम तुमच्याबरोबर बंद झालं, पण तिची ती सवय सुटली नाही.

आणि सोसले गावातला तो दिवस. मी दहा वर्षांची, कॅरिअरवर गठ्ठ्याच्या पुढे बसून तुमच्याबरोबर आले होते. मठाजवळच्या एका घरी लग्नाची लुगडी पोचवायची होती. ती दिलीत, आता निघू या, म्हणून मी तुमचा सदरा ओढतेय आणि तुम्ही मांडी घालून बसलेले. त्या बाई एकेक लुगडं उलगडून उन्हात नेतात, बघतात, आत नेतात, पुन्हा बघतात. मी चारदा म्हटलं, चला ना. शेवटचं लुगडं बघून होईपर्यंत तुम्ही उठला नाहीत. वाटेत एका पारावर सायकल थांबवून म्हणालात, "कापड देऊन लगेच उठलं की समोरच्याला वाटतं रंगात खोट आहे. माणसाच्या दारात गेलीस तर असं तोंड करून बसू नकोस. लाज वाटली मला." आवाज चढवला नव्हतात, तरी मी घरी येईपर्यंत मुसमुसत होते. तुम्ही मला एवढं कडक बोललात ते तेवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यातला शनिवार. मी पोचले, बाहेर ऊन मी म्हणत होतं. बॅटरी तापू नये म्हणून मी ती काळी बाटली काढून पडवीच्या कट्ट्यावर सावलीत ठेवली आणि आत जाऊन वहिनीशी दोन शब्द बोलले. बाहेर आले तर कट्टा रिकामा. आई स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्याशी वाकलेली. तिने ते रबरी झाकण नखांनी उचकटून काढलं होतं, बाटली हंड्यात पुरती बुडवली होती आणि आता पदराने पुसत होती. चेहरा इतका समाधानी, की कित्येक महिन्यांत तिला तशी पाहिली नव्हती. "घे गे," म्हणाली, "वाटेला पाणी भरलं. तोंड लहान आहे हिचं, नीट जात नाही."

मी ओरडले, अण्णा. वहिनी धावत आली, दुकानातून धाकटा आला, एवढ्याने ओरडले. "तुला काही कळतं की नाही? माझ्या वस्तूला कशाला हात लावतेस? कोणी सांगितलं होतं पाणी भरायला?" ती बाटली मी तिच्या हातातून हिसकावून घेतली. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. नंतर शाळेत छडी खाल्लेल्या पोरीसारखे तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. धाकटा म्हणाला, "बिडु गे अक्का, सोड. तिला कळत नाही." मी त्यालाही म्हटलं, तुला काय जातंय सोड म्हणायला. जो माणूस चोवीस तास तिच्याबरोबर राहतो त्याला मी हे म्हटलं. कशाला म्हटलं कोण जाणे. राग तरी कशाचा होता, हेही मला तेव्हा धड सांगता आलं नसतं.

सायकल सॉकेटला लावून तीन तास बसता आलं असतं. मी बसले नाही. तशीच निघाले, अर्ध्यामुर्ध्या बॅटरीवर. सागरकट्ट्यापर्यंत मदत अगदी कमी ठेवून ढकलत आणली. येलवालच्या अलीकडे दिवा लाल झाला आणि मोटर गेली. मोटर गेली की ही सायकल साध्या सायकलीहून जड, तिचं सगळं ओझं आपल्याच पायांवर येतं. शेवटचे चढ मी उतरून, हाताने ढकलत चालले. घरी येऊन फरशीवरच पडले, बूटही काढले नाहीत. रडायलाही त्राण नव्हतं.

सायकलच्या दुकानदाराने ती बॅटरी ठेवून घेतली, आठवडाभर सुकवली, तपासली आणि परत देताना हसून म्हणाला, "एनू आगिल्ला मॅडम, काही झालेलं नाही. कनेक्शनची जागा सील असते. पावसात चालते ही, हंड्याच्या पाण्याचं काय घेऊन बसलात!" काही झालेलं नाही. मी पैसे दिले, घरी आले आणि बॅटरी टेबलावर ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. त्या शनिवारी मी गेलेच नाही. धाकट्याला फोन करून अंग दुखतंय म्हटलं. तेही काही खोटं नव्हतं.

पुढच्या शनिवारी गेले. तुम्ही नाहीत हे आई विसरते, माझं नाव कधी आठवतं कधी नाही, सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही. मला वाटलं होतं तेही विसरली असेल. मी फाटकातून सायकल आत घेतली, ती पडवीत खुर्चीवर होती. तिची नजर त्या काळ्या बाटलीवर गेली. ती उठली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी हात लावला नाही हं," म्हणाली. मी जवळ गेले, म्हटलं, लाव गं, काही होत नाही. ती नाही नाही करत राहिली. जेवतानाही उजवा हात तिने वहिनीने दोनदा सांगितल्यावर पुढे केला. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली, पण पाण्याचं नाव काढलं नाही. तिने कोणाला कोरडं पाठवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

अण्णा, तुम्ही म्हणाल, त्या दिवशी तरी बसायचं होतंस. मलाही तसं वाटलं होतं. जाताना वाटेत ठरवलं होतं की आज जादा बॅटरीची वायर जोडायचीच नाही, सायकल सॉकेटला लावायची, म्हणजे आपोआप बसणं होईल. बघा, आईजवळ बसायलाही मला सॉकेट लागतं. पण तिचे ते मागे घेतलेले हात बघवेनात, आणि पुन्हा विचारलंन, यांचं जेवण झालं का. मी झालं म्हटलं आणि चाळीस मिनिटांत उठले. माझ्याच्याने होत नाही, अण्णा. मी वाईट मुलगी असेन, पण दमलेली आहे एवढं खरं. यांच्या आजारपणातली ती दोन वर्षं मी अशीच एका खुर्चीवर बसून काढली. त्यानंतर कोणाच्या उशाशी बसायची ताकद उरलीच नाही. तुम्ही परसात काम करता करता गेलात, कोणाला एक दिवसही बसवून ठेवलं नाहीत. तुमच्यापाशी बसायची वेळ आली असती तर मी बसले असते का, हा विचार मी फार लांबवत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. निघताना मी धाकट्याला म्हटलं होतं, घरी काम आहे, थांबता येत नाही. काम काही नव्हतं. जादा बॅटरी भरलेली होती, वाराही पडला होता. सागरकट्ट्याच्या पुलावर मी सायकल कठड्याला टेकवली आणि खालच्या पाण्याकडे बघत बसले. घड्याळ पाहिलं तेव्हा दीड तास होऊन गेला होता.