प्रिन्सेससाठी स्थळ पाहणे

२ मार्च
आज एक मोठं काम अंगावर घेतलं. धुतलेले टॉवेल पोचवायला जनावरांच्या दवाखान्यात गेलो होतो, तिथून कुत्री घेऊन आलो. पिल्लं विकणाऱ्या एका माणसाच्या पिंजऱ्यातून सोडवलेली. आयुष्यभर पिल्लं काढण्यापलीकडे हिने काही केलेलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिला कायमचं घर बघायचंय, तोवर महिनाभर सांभाळाल का? मी म्हणालो, महिना कशाला, आठवड्यात लावतो. लॉन्ड्रीत एवढी माणसं आहेत, सगळी माझ्या शब्दातली.
नाव ठेवलं प्रिन्सेस. केस सोनेरी. पोट लोंबतंय, पण तिकडे बघायचं नाही.
रूम पार्टनर लंबू दारातच म्हणाला, ही कसली प्रिन्सेस, ही तर मावशी. हा टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. ग्रीसने काळा. अंघोळीशी जन्माचं वैर. याला काय कळतंय.

३ मार्च, सकाळ
प्रिन्सेस लंबूच्या खाटेखाली झोपली. नवीन आहे, जागा चुकली असणार.

६ मार्च
ठरवलं. घाणीत राहिलेला जीव आहे, तिच्यासमोर जायचं ते स्वच्छ होऊनच. माझी ड्यूटी ब्लीचच्या मशीनवर, त्यामुळे सोय आहे. सुटताना कोपरापर्यंत हात त्याच पाण्यात धुतले. बाटलीत थोडं घरी आणलं, फरशी पुसली. तिचं अंथरूणही लॉन्ड्रीत गरम पाण्यातून काढलं. हॉटेलात मिळणार नाही असं पांढरं.
मी आत आलो की प्रिन्सेस भिंतीला चिकटून थरथरते. आदर. एवढा मान तिला आधी कुणी दिला नसेल.
अंथरुणावर बसली नाही. सवय नाही बिचारीला.

९ मार्च
ताईला फोनवर सांगितलं. कौतुक करेल वाटलं होतं. म्हणाली, कोंबड्या आणल्यास त्या आईने सांभाळल्या, ड्रायव्हिंगचा क्लास लावलास तो भिंतीला गाडी ठोकून सोडलास, आता मुक्या जिवाला तरी अर्ध्यावर सोडू नकोस रे बाबा. मी म्हणालो, ऐकू येत नाहीये, रेंज नाही. रेंज होती.
सख्खी बहीण. विश्वास नाही तो नाही.

१२ मार्च
पहिलं स्थळ. रिटायर झालेल्या शाळेच्या बाई. तळमजला, मागे गवत, घरात दुसरं कुणी नाही. प्रिन्सेस त्यांच्या पायाजवळ जाऊन बसली, म्हणजे थकली असणार. बाईंनी चहा दिला आणि विचारलं, तुम्ही किती शिकलात? कुत्रीच्या घराचा आणि माझ्या आठवीचा काय संबंध? मी सांगितलं, विचार करून कळवतो. विचार केला. नापास.
लंबू म्हणाला, अरे गाढवा, एवढं सोन्यासारखं घर! त्याला स्वाभिमान या विषयातलं काही कळत नाही.

१५ मार्च
आनंदाची बातमी. प्रिन्सेसचा माझ्यावर जीव जडलाय. खोलीतले मोजे तोंडात धरून एकेक करून कोपऱ्यात नेते, गोल रचते, भोवती अंग वळवून पडते. चाटते. मी कामावर असताना माझ्या आठवणीने करत असणार.
लंबू म्हणतो ते मोजे त्याचे आहेत. असतील. अंधारात फरक कळत नाही.

१७ मार्च
मोजे फार मळले होते. सगळे उचलून लॉन्ड्रीत नेले, ब्लीचमध्ये डबल वॉश मारला. लंबू सांगतो, प्रिन्सेस दिवसभर खाटेखाली, दाराशी, बादलीमागे शोधत फिरली. खाल्लं नाही. मी परत येईपर्यंत चैन नव्हतं तिला!
मोजे कोपऱ्यात होते तसे रचून ठेवले. तिने वास घेतला आणि मोरीत जाऊन बसली. लाजली.

१९ मार्च
घरमालक अचानक वर आला. त्याला सांगितलेलं होतं की पाहुणी आलीय. पाहुणी बघून म्हणाला, महिनाअखेर ही गेली पाहिजे, नाहीतर तिघंही बाहेर. लंबूने हात जोडले. मी जोडले नाहीत. मनातल्या मनात बरंच बोललो.
उद्यापासून स्थळांची मोहीम जोरात. आता शाळेच्या बाईंनाही एक संधी द्यायची.

२० मार्च
शाळेच्या बाईंना फोन केला. त्यांनी दुसरी कुत्री आणली. आठ दिवस वाट बघवली नाही. शिकलेली माणसं अशीच. आशा दाखवतात आणि केसाने गळा कापतात.

२१ मार्च
दुसरं स्थळ स्वतः चालून आलं. मोठी गाडी, गॉगल, खिशाला दोन पेनं. मला साहेब म्हणाला. मी तिथेच होकार देऊन टाकणार होतो. त्याने प्रिन्सेसचे दात पाहिले, पोट चाचपलं, वय विचारलं. केवढी आस्था! ऑपरेशन झालंय, आता पिल्लं व्हायची नाहीत, हे सांगितल्यावर त्याचा चेहराच पडला. ऑपरेशनच्या नावाने एवढा हळवा झाला, पाणीसुद्धा न घेता निघाला.
लंबूने जिन्यापर्यंत जाऊन त्याला काय काय ऐकवलं. वर येऊन माझ्यावर ओरडला, पिल्लांचा दलाल होता तो, तू मावशीला परत पिंजऱ्यात घालत होतास.
मलाही थोडा संशय आलाच होता. बोलून दाखवलं नाही इतकंच.

२४ मार्च
प्रिन्सेसने चार दिवसांत नीट खाल्लं नाही, म्हणून दवाखान्यात नेलं. मी उचलायला गेलो तर तिने जागेवरच मुतलं. लंबूने उचललं. डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावलं, माझे हात हुंगले आणि विचारलं, हा वास कसला?
मी अभिमानाने सांगितलं.
बाईंनी माझे हात सोडले. मग म्हणाल्या, तिथे पिंजरे याच पाण्याने धुवायचे. कुत्री आत असतानाच, पाइप लावून. हा वास आला की आपल्या अंगावर पाणी येणार, एवढंच तिला ठाऊक.
घरी आणखी काय करते, तेही विचारलं. लंबूने मोज्यांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, ती पिल्लं आहेत तिची. दरवेळी पिल्लांनी डोळे उघडले की कुणीतरी उचलून न्यायचं.
परत येताना लंबूने तिला उचलून घेतलं. मी दहा पावलं मागून चाललो.

२४ मार्च, संध्याकाळ
हे आधी सांगायला नको? आणताना एवढ्या सूचना दिल्या, हीच नाही दिली. सरळ फसवणूक आहे. मला काय स्वप्न पडणार होतं?
फरशी साध्या पाण्याने पुसली. तीनदा. वास जात नाही.

२५ मार्च
निर्णय! स्थळ नको नि काही नको, प्रिन्सेसला मीच ठेवणार. हे आधीपासून मनात होतं, म्हणूनच एकही स्थळ पसंत पडत नव्हतं. आता लक्षात येतंय. प्लॅन तयार. ब्लीचवरून घडी खात्यात बदली, नवीन खोली, रोज अंघोळ.
सुपरवायझरकडे गेलो. कारण सांगितलं. तो एवढा हसला की त्याने दोघांना हाक मारून मला परत सांगायला लावलं. बदली नाही. कुत्रीला नाक दाबायला सांग, म्हणाला.
या लॉन्ड्रीसाठी मी हातांची सालं काढली.

२६ मार्च
खोली बघायला जायचं होतं. ओव्हरटाइम लागला.

२७ मार्च
सुटी होती. खोली बघायला निघालोच होतो, जरा पाठ टेकली. उठलो तर दिवे लागलेले. थकलेला माणूस आहे मी, मशीन नाही.
प्रिन्सेस लंबूच्या हातून भाकरतुकडा खात होती. मी दारातून बघितलं. आत गेलो नाही. खाऊ दे म्हटलं.

२८ मार्च
आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही.
लंबूच्या शेठने हायवेला नवीन दुकान टाकलंय. ते लंबू सांभाळणार. मागे खोली, पुढे कुंपण घातलेलं अंगण. डॉक्टरीणबाई जाऊन बघूनही आल्या, आणि प्रिन्सेस लंबूला दिली. हे सगळं चार दिवस चाललेलं. माझ्या पाठीमागे. एकाच खोलीत झोपून!
मी म्हणालो, तुला तर कुत्री आवडत नाहीत. तो म्हणाला, अजूनही आवडत नाहीत. ही मावशी आहे.
मी म्हणालो, मला एका शब्दाने विचारलं का नाहीस? तो म्हणाला, विचारलं असतं तर तू विचार करून कळवतो म्हणाला असतास.
घरभेदी. याच माणसाचे मोजे मी धुतले.

३१ मार्च
गेले दोघं. टेम्पोत पुढे बसली, त्याच्या मांडीवर डोकं. मी निरोपाचे चार शब्द ठरवून ठेवले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.
लंबूने खिडकीतून सांगितलं, ये कधीतरी, पण सुटीच्या दिवशी, कामावरून थेट नको. मी म्हणालो, बघतो, वेळ मिळाला तर. कोपऱ्यात एक मोजा राहिलाय. न धुता ठेवलाय.
यापुढे कुणावर विश्वास ठेवायचा नाही. माणसावर नाही, कुत्र्यावर तर नाहीच.

१७ एप्रिल
दोन दिवस रजा टाकून आज हायवेला गेलो. मुद्दाम नाही, हात रिकामे होते. साध्या साबणाने अंघोळ केली, नवीन शर्ट. ताईला फोन करून सांगितलंही की मला बघून प्रिन्सेस काय उड्या मारेल बघ.
अंगणात उन्हात पालथी पडली होती. अंगावर मांस धरलंय. मी फाटकाची कडी काढली. ती उठली, ताठ उभी राहिली, आणि भुंकली. तिचा आवाज आजवर कुणीच ऐकला नव्हता. चांगला भरदार आहे. मला वाटलं आनंदाने असेल, म्हणून एक पाऊल आत टाकलं. तर धावूनच आली, मी बाहेर सरलो. फाटकापर्यंत, त्याच्या पुढे नाही. तिथे चारही पाय रोवून भुंकत राहिली. घर तिचं आहे म्हटल्यावर भुंकणारच.
लंबू हातात टायर घेऊन बाहेर आला. इतका हसला, इतका हसला. म्हणाला, मावशी बोलली रे! मग मला म्हणाला, कडी लाव आणि जरा बाहेरच थांब.
लावली. थांबलो.