माझ्या पोटातली घ्रेलिनबाई

२ डिसेंबर, सकाळ
हो, खाल्ले. दोनच लाडू, तेपण तुटलेले. डब्याचं झाकण वाजलं की सूनबाई हर्षाली आतून विचारणारच! गुडघा बदलायचाय माझा. डॉक्टर म्हणतात, आधी आठ किलो उतरवा, मग ऑपरेशन. नायतर उन्हाळ्यापर्यंत काठीनंपण चालता यायचं नाय. आठ किलो काय, उतरले समजा. उद्यापासून.

३ डिसेंबर
माझा दोष नायच! हर्षालीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. पोट रिकामं झालं की त्यातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं आन् डोक्याला जाऊन सांगतं, भूक लागली. म्हणजे आत चुगलखोर बाई बसलीय. म्हणलं, तुझ्या आईची कोण लागती का गं? फुगली.
रिकाम्या पोटी सुटतं ना? मग पोट रिकामं ठेवायचंच नाय.

६ डिसेंबर
अर्धा किलो वाढलं. काटा बिघडलाय.

९ डिसेंबर
जेवल्यावर आतडंपण हार्मोन सोडतं, पोट भरलं म्हणून सांगायला. पण डोक्याला कळायला वीस मिनिटं लागतात म्हणे. मनमाडहून चालत येतं का काय? तोवर माझ्या चार भाकरी होतात. हर्षाली म्हणली, सावकाश खात जा, आई.

१० डिसेंबर
सावकाश खाल्लं. दीड तास. भावानं घोटीहून नवा तांदूळ धाडलाय, त्याचा भात, वर आमटी. हर्षाली म्हणली, आई, पोट भरल्याचा निरोप कवाच येऊन गेला असंल. म्हणलं, मिस्ड कॉल पडला असंल.

१४ डिसेंबर
झोप कमी झाली की घ्रेलिन वाढतं. म्हणून दुपारी मुद्दाम झोपले. उठले तर भूक. माणसानं करावं तरी काय? जिना उतरवत नाय, देवळात जाणं बंद, नुसती चिडचिड. लाडू संपले.

१८ डिसेंबर, दुपार
दवाखाना. दोन किलो वाढले. डॉक्टरांना म्हणलं, ती घ्रेलिनबाई लय वाईट. हसले नायत. विचारलं, आत्ता भूक हाय का? म्हणलं, नाय. मग पिशवीत हात घालून काय खाताय? चिवडा होता. ऑपरेशन लांबणीवर पडलं. पोरगा संतोष खाली बघत राहिला. हर्षाली रिक्षात रडली. आन् मला हायसं वाटलं.

संध्याकाळ
चिवडा समोर हाय. भूक नाय. लाडवाच्या वेळीपण नव्हती. त्या बाईवर उगाच आळ घेतला. आमचे मालक हर्नियाच्या ऑपरेशनला हसत आत गेले, ते बाहेर आलेच नायत. मला त्या टेबलावर झोपायचं नाय. म्हणून खाते.