'दहाबोटी' पुढच्या आवृत्तीत राहावं म्हणून

१२ जानेवारी
कोपरखैरण्याला सावंत मॅडमच्या टायपिंग क्लासला जाऊन आले. बारावीनंतर मी मराठी टायपिंग इथेच शिकले, 'दहाबोटी' या प्रोग्रामवर. क्लासची सगळी मशीन लिनक्सवर, 'दहाबोटी' त्यातच मिळतं. लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत नाही मिळणार. नव्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे ज्या तयार कोडच्या आधारावर ते उभं राहतं त्यावर, ते बांधलंच जात नाही, म्हणून काढून टाकणार आहेत.
मॅडम : "मग काय पोरींना हवेत बोटं चालवायला शिकवू? तू इंजिनियर झालीस ना? बघ की!"
इंजिनियर नाही, बीएस्सी आयटी. पण घरात पहिलीच पदवी, त्यामुळे आमच्याकडेही तो फरक कुणी करत नाही.
बघतेच.

१५ जाने.
'दहाबोटी'चं पॅकेज, म्हणजे लिनक्समध्ये बसवायला तयार केलेला संच, सांभाळणारे पाटणकर सर. बरीच वर्षं त्यांचा एकही बदल नाही. त्यांना मेल करायला हवी. पण लिहू काय? तुमचं काम मला द्या? नको. आधी करून दाखवते.
आईला सांगितलं, पॅकेजिंगचं काम घेतलंय, पगार नाही. "तुझे बाबा तुर्भ्याला आयुष्यभर पॅकिंगच करतायत. त्यांना निदान पगार तरी मिळतो." बाबांना हसताना ठसका लागला.

२१ जाने.
बांधलं गेलं!! चालतंय! बिजूला पाठवलं. बिजू त्रिशूरचा, आमच्या डिस्ट्रोत, म्हणजे हे लिनक्स तयार करणाऱ्या मंडळींत, जुना. नवख्यांचं काम तपासून वर चढवतो. फक्त चॅटवरची ओळख.

२२ जाने.
बिजूने परत पाठवलं. मी मूळ फायलींतच बदल केले होते. इथली रीत वेगळी : मूळ लेखकाचा कोड आला तसा ठेवायचा. आपली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे वेगळा पॅच, वर कारण लिहून. त्याचं कुठलं, आपलं कुठलं, हे कुणालाही दिसलं पाहिजे.
"पहले अलग करो, फिर बात करेंगे."
करते.

३१ जाने.
पॅच वेगळे झाले. पण गिटमध्ये, जिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते, माझ्या चाचपडण्याचा नुसता चिखल. "परत एकदा", "आता तरी", "आई गं". एकेका बदलासोबत लिहिलेले माझेच कमिट-संदेश, सगळ्या जगाला दिसणारे. सगळं मिळून एक स्वच्छ कमिट केलं आणि सर्व्हरवर जुन्याच्या जागी फोर्स पुश करून टाकलं. लॅपटॉपवरचं जुनं फोल्डर पुसून नवीन उतरवून घेतलं. किती नेटकं दिसतंय.

१ फेब्रुवारी
सगळं म्हणजे सगळंच गेलं.
पाटणकर सरांचा इतिहास, त्यांना मदत केलेल्यांचा, अगदी पहिल्या दिवसापासूनचा. कुठली ओळ कुणी, का लिहिली, काही उरलं नाही. सगळ्यावर एकच नाव. माझं.
बिजू : "बाकी लोग कहाँ गये, दीदी?" मला कधी दीदी म्हणत नाही तो.
त्याच्याकडे प्रत नाही. सर्व्हरवाल्यांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. तो म्हणाला, कोड ठीक आहे, असंच चढवता येईल, फ्रीज जवळ आलाय. फ्रीज लागला की नवीन काही आत जात नाही.
असं नाही चढवायचं. दुसऱ्यांची नावं खोडून तर नाहीच.

२ फेब्रु.
सरांना मेल केली. पहिल्याच दिवशी करायची ती. "सर, मी तुमचा इतिहास पुसला. तुमच्याकडे प्रत असेल तर द्याल का?" पुढची सगळी सारवासारव काढून टाकली.

५ फेब्रु.
उत्तर आलं. "कामाला हात लावताना विचारलं नाहीत. पुसल्यावर आठवण झाली. प्रत जोडली आहे." नमस्कार वगैरे काही नाही.
थोडी रडले. मग प्रत उघडली. सरांचा पहिला कमिट-संदेश : "मुलीच्या टायपिंगच्या परीक्षेसाठी."

८ फेब्रु.
इतिहास जागेवर बसवला. त्यावर माझे पॅच, एकेक, कारणासकट. मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारे, म्हणून सरांचंच नाव ठेवलंय, खाली माझं. सरांना लिहिलं, पॅच बघाल का, माझं नाव लावू का. बिजू म्हणतो त्यांच्यासाठी अडू नकोस. अडणार. या वेळी विचारल्याशिवाय नाही.
मॅडमचा फोन : "झालं का गं?"
"प्रयत्न चालू आहे."
"परीक्षेत पोरींनी काय प्रयत्न टाईप करायचा?"

१२ फेब्रु.
उद्या फ्रीज. ऑफिसला निघतानाच सरांचा शेरा आला. फक्त तिसऱ्या पॅचवर. "हे चुकलंय. का, ते शोधा." बाकीच्यांवर काहीच नाही. नावाबद्दल होही नाही, नाहीही नाही.
म्हणजे सरांनी पॅच वाचले तरी.
ऑफिसला सुट्टी कळवली. बिजूला म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब. आई दारातून, "बरं नाही का गं?" बरी आहे म्हटलं. तिसरा पॅच उघडलाय.