बाबांच्या बाहीवरचा डाग

८ ऑक्टोबर २००३, बुधवार, सकाळी
गुड्रुनने हे टेप करायचं यंत्र आणून दिलंय. म्हणाली, आई, मनात येईल ते यात बोल, म्हणजे मला दिवसातून चारदा फोन करणार नाहीस. पोटची लेक आहे, तिचं काय मनावर घ्यायचं. बोलते. यंत्र उलट बोलत नाही, हा मोठाच गुण.

लिहितावाचता येत नाही, यात लपवण्यासारखं काही नाही. म्हणून आजवर लपवलं. कुणी कागद पुढे केला की म्हणायचं, अरे देवा, चष्मा घरीच राहिला. या गावात माझ्याइतका चष्मा कुणी विसरत नाही. चष्मा माझ्याकडे कधी नव्हताच. नजर अजून घारीची आहे.

संकल्प: दोन नोव्हेंबरला गावच्या सभागृहात ‘आमचे वडील’ नावाचं प्रदर्शन आहे, हिटलरच्या लढाईत गेलेल्यांचं. त्यात बाबांचा फोटो लावायचा. खाली पाटी: एमिल नाउयोक्स, सैन्यातले बेकर. बंदुकीला हात लावला नाही, फक्त पिठाला लावला. आई असंच सांगायची आणि मीही सगळ्यांना असंच सांगत आलेय. आता छापील होईल.

त्याच दिवशी, दुपारी
फोटो फ्रेममधून काढला. आईने त्यावर अंडाकृती भोकाचा पुठ्ठा लावला होता, त्यातून फक्त चेहरा दिसायचा. पुठ्ठा काढला तर खाली अख्खे बाबा. लांब ओव्हरकोट, दोन रांगा बटणं. बाहीवर दंडापाशी एक पांढुरका डाग. गव्हाची पेंढी. बेकरचं चिन्ह, आणखी काय असणार.

कॉलर ओलीने खाल्लीय.

त्याच दिवशी, रात्री
श्र्योडरच्या खानावळीत दर बुधवारी बेंकेसाहेब बसतात. जन्मभर पोस्टात होते, आता लोकांचे बाप ओळखून देतात. माणसं पाकिटातून फोटो काढतात, साहेब भिंग लावून बाह्या आणि कॉलरी बघतात आणि कोण कुठल्या पलटणीत होता ते सांगतात. कान एवढे मोठे, की मागून दिवा लागला तर पारदर्शक होतात.

माझ्याआधी शेजारची इर्मगार्ड. तिच्या बापाच्या खांद्यांवर पट्ट्यापट्ट्यांची अर्धगोल टोपरी. साहेब म्हणाले, याला पाकोळीचं घरटं म्हणतात, हा बँडवाला. इर्मगार्डने सगळ्यांना कॉफी पाजली. तिचा बाप ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवायचा म्हणे. लढाई हरलो त्याचं एक कारण कळलं.

माझा फोटो साहेबांनी बराच वेळ पाहिला. विचारलं, कॉलरला काय झालं, ल्यूडर्सबाई? म्हटलं, ओल. म्हणाले, ओल अशी सरळ रेघांनी येत नाही. सुईने खरवडलंय हे. पंचेचाळीस साली, हरल्यावर, पुष्कळ घरांत कॉलरवरची चिन्हं खरवडली लोकांनी.

म्हटलं, माझी आई फार नीटनेटकी होती.

साहेबांकडून चिन्हांचं जाडजूड पुस्तक आणलंय. अक्षरं येत नाहीत, पण चित्रं बघायला अक्षरं कशाला? रविवारपर्यंत अख्खं पाठ.

१२ ऑक्टोबर, रविवार
सहावं पान झालं. तोफखान्यावर झोप लागली.

रंगांचं मात्र कळलं, गुड्रुनने फोनवर सांगितलं. पायदळाचा पांढरा, तोफांचा लाल, रणगाड्यांचा गुलाबी. रणगाड्यात बसून गुलाबी. फोटोत सगळेच करडे दिसतात, तेव्हा रंगांचा अभ्यास रद्द.

गव्हाची पेंढी अजून सापडली नाही. चित्रं काढणारा विसरला असेल.

पुस्तक आंबवलेल्या कोबीच्या भांड्यावर दगडाऐवजी ठेवलंय. वजन उत्तम.

१५ ऑक्टोबर, बुधवार, रात्री
पुस्तक परत केलं. साहेबांनी हुंगलं आणि आभार मानले. सभ्य माणूस.

बेकरचं असं चिन्ह नसतं म्हणे. डाग पुसट आहे, पण दोनच गोष्टी असू शकतात. सैन्यातल्यांचा पक्षी, म्हणजे सरकारी गरुड, छातीवर असतो. डाव्या हातावर पक्षी लावायचे ते एसएसवाले, हिटलरची खास फौज, छळछावण्या चालवणारी. उजव्या हातावर असेल, तर ते एडेलवाइसचं फूल, म्हणजे डोंगरी सैन्य.

फोटोत डाग डाव्या हातावर आहे.

मी विचारलं, फोटो उलटा छापला जात नाही का कधी? साहेब म्हणाले, जातो. निगेटिव्हची काच उलटी पडली की डावा उजवा होतो. मग मी म्हटलं, झालं तर, फूल आहे.

साहेब भिंग पुसत बसले. मग म्हणाले, ते ओळखणं सोपं आहे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. फोटो उलटा असेल तर उलटं दिसेल. तुम्ही कोटांच्या कारखान्यात होतात ना, तुम्हीच बघा. आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. स्वतः खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर अंधार होता.

म्हटलं, चष्मा घरी राहिला.

इर्मगार्ड म्हणाली, ट्राउडे, काल तर माझ्या सुईत दोरा तू ओवून दिलास.

म्हटलं, दोऱ्याचं वेगळं असतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
ठरलं. डोंगरी सैन्य. खाटकाच्या बायकोला सांगितलं, पाव घेताना रांगेतल्या तिघांना सांगितलं. बातमी पसरायला हवी, मग ती पक्की होते.

गुड्रुनलाही फोन केला. म्हणाली, अगं, आजी तर सांगायची, आजोबा माळ्याच्या शिडीवर चढले की डोळे मिटून घ्यायचे. आणि आपल्याकडे पूर्व प्रशियात डोंगर होते कुठे?

म्हटलं, लढाईत माणूस बदलतो.

म्हणाली, मग बेकरचं काय?

म्हटलं, डोंगरावरच्या लोकांना भूक लागत नाही का?

तिकडून फोन कट झाला. मला वाटलं फोन बिघडला.

२० ऑक्टोबर, सोमवार
आज कोट बघणार होते. उजेड बरा नव्हता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
उजेड झकास. म्हणून पडदे धुवायला काढले.

२२ ऑक्टोबर, बुधवार
खानावळीत गेले नाही. गुडघा. संध्याकाळी इर्मगार्ड आली. प्रदर्शनाच्या पाट्या साहेबच लिहितायत, त्यांनी विचारलंय, पाटीवर काय लिहायचं? शुक्रवारी, एकतीस तारखेला पाट्या छापायला जाणार. आणि तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहिणार नाही म्हणाले.

म्हटलं, कसला हटवादी माणूस.

तिने टोमणा मारला नाही. हे मला आवडलं नाही, तिच्या टोमण्यांची सवय आहे. कॉफी थंड होईपर्यंत बसली. मग म्हणाली, ट्राउडे, माझा बाप ट्यूबा वाजवायचा हे सगळ्यांना कळलं. कुणापुढे वाजवायचा, ते मीही विचारलं नाही.

लोणी लावलेला केक दिला तिला. तोंड भरलं की माणसं असलं बोलत नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार
बाबांचा राईचा पाव केला, शहाजिरं घालून. प्रदर्शनात तुकडे करून वाटायचा विचार. आई म्हणायची, तुझ्या बाबांच्या हातचा असाच व्हायचा. खालून करपला. ओव्हनचा दोष.

आता वाटतं, हा पाव आईच करायची. बाबांना पीठ मळताना पाहिल्याचं काही आठवत नाही. पण मी लहान होते. लहान मुलांना काय आठवतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी
गुड्रुन न सांगता आली. कोटसुद्धा काढला नाही, फोटो उचलून खिडकीपाशी स्वयंपाकाच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, बस आई. उद्या पाट्या छापायला जाणार.

बसले.

कारखान्यात जन्म गेला माझा. पुरुषांच्या कोटांना काजं करायची, डाव्या बाजूला. डोळे मिटून हात फिरवला तरी कोट बाईचा की पुरुषाचा ते सांगेन. आईने कॉलर सुईने खरवडली, बाही पुठ्ठ्याखाली दडवली. हुशार बाई. पण कोटाच्या कडेला काय करणार? ती मधोमध असते, वरपासून खालपर्यंत.

एकदाच पाहिलं. डावी बाजू वर. शिलाई सुरेख, एक टाका इकडचा तिकडे नाही.

गुड्रुनने विचारलं, कुठली बाजू वर आहे, आई?

मी म्हटलं, काही दिसत नाही गं, चष्मा घरी राहिला.

ती म्हणाली, आई, तू घरीच आहेस.