कोरडं बोट

२ फेब्रुवारी

आईला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, रात्री अर्धी गोळी घ्या, खाण्यावर लक्ष ठेवा आणि घरी तपासायचं मशीन आणा.

बाहेर आल्यावर आईचा पहिला प्रश्न — "ज्यूसवाल्याची संत्री सोलायला चालतील ना?"

सोलायला चालतील, आई. खायला नाहीत.

"खातंय कोण? इतकी वर्षं सोलून सोलून वासानेच पोट भरतं."

रिपोर्ट घरी येऊन पुन्हा वाचला, मग पुन्हा. मी वाचायला लागले तेव्हापासून या घरात आलेला प्रत्येक कागद माझ्या हातात येतो. विजेचं बिल असो नाहीतर बाबांच्या मृत्यूचा दाखला, शेजारच्यांचेही कागद मीच वाचते. आज मात्र वाटलं, आपल्याहून मोठं, शिकलेलं कुणीतरी असायला हवं होतं. त्याने वाचला असता, आणि मी नुसती शेजारी बसले असते.

५ फेब्रुवारी

मशीन आणलं. ऑफिस सुटल्यावर आईला घेऊन तीन दुकानं फिरले. एक मशीन बोलून आकडा सांगत होतं. आई म्हणाली, "घरात एक बोलणारी आहे ती पुरे." एक फोनला जोडायचं होतं, त्याचे आकडे मुंगीएवढे. तिसऱ्या दुकानातला माणूस बरा निघाला. म्हणाला, "ताई, मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्ट्या जन्मभर. ज्याच्या पट्ट्या कोपऱ्यावरसुद्धा मिळतात ते घ्या." मग मोठ्या आकड्यांचं घेतलं. आईला अक्षर येत नाही, पण आकडे येतात — बसच्या नंबरांवरून शिकलेली.

माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. पट्ट्यांची डबी उघडी ठेवायची नाही. मुदत बघायची. सुई रोज नवी. बोट ओलं नको, पाण्याने रक्त पातळ होऊन आकडा चुकतो. या ओळीखाली मी पेनाने रेघ मारली.

आधी माझ्यावर करून पाहिलं. ९१. आई हसून म्हणाली, "मास्तरीण पास!"

६ फेब्रुवारी

सकाळी उपाशीपोटी — २३४. रात्रभर पोटात काही नसलेल्या बाईची एवढी?

संध्याकाळी जेवणाआधी — १३८.

डॉक्टरांनी दोन्ही वेळा सांगितल्या आहेत. आठवडाभर बघू.

९ फेब्रुवारी

सकाळी २४१. संध्याकाळी १२९.

कसं करते ते लिहून ठेवते, म्हणजे कुठे चुकत असेन तर दिसेल. ज्यूसच्या दुकानाची गाडी पहाटे दोन क्रेट पुढच्या खोलीत टाकून जाते. आई अंधारातच सोलायला बसते, कारण आठ वाजता सोललेला माल न्यायला गाडी परत येते. मी सातला मशीन घेऊन तिच्यासमोर बसते. ती सुरी ठेवते, फडक्याला हात पुसते, "थांब, हात धुऊन येते" म्हणते. मी उठू देत नाही — ओलं बोट चालत नाही. दवाखान्यात करतात तसं मी स्पिरिटच्या कापसाने बोट पुसते, वाळू देते, मग टोचते.

यात चूक कुठेच नाही.

११ फेब्रुवारी

आज मावशी आली होती. आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी आकडे सांगितले. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी.

"म्हणजे रात्री चरते," मावशी म्हणाली. "लहानपणीही मांजरासारखी उठायची. आमच्या आईने जपून ठेवलेला गूळ हिनेच संपवला होता."

"तो तू संपवलास," आई म्हणाली.

दोघी हसत होत्या. मी नाही हसले. मावशी गेल्यावर बिस्किटांचा डबा उघडून पाहिला.

१४ फेब्रुवारी

२५२.

विचारलं. सरळच विचारलं — रात्री काय खाल्लंस? आई म्हणाली, काही नाही गं. मी म्हटलं, मशीन खोटं बोलतं का? मी ऑफिसात दिवसभर लोकांची बिलं तपासते, माझा आवाज तसाच लागला असणार. बिलातली चूक पकडल्यावर समोरच्या माणसाशी बोलतो तसा.

आईने बोटावरचा कापूस आणखी दाबून धरला. मग म्हणाली, "दोन बिस्किटं खाल्ली असतील."

असतील म्हणजे?

"खाल्ली."

१५ फेब्रुवारी

डबा मोजायला हवा होता. नाही मोजला. तिने कबूल केलंय, आता मोजून काय?

१९ फेब्रुवारी

आज आई स्वतःहून म्हणाली, "मला वाटतं मी झोपेत खाते."

मला थट्टा वाटली. ती गंभीर होती. "मला तर काही आठवत नाही. पण तुझं मशीन रोज सांगतंय. मग झोपेतच उठत असेन. तू असं कर, स्वयंपाकघराला रात्री कुलूप घाल आणि किल्ली उशीखाली घे."

आई, असं नसतं काही.

"तुला काय ठाऊक नसतं ते? तू घाल. माझाही जीव शांत होईल."

घातलं. आपल्याच आईला तिच्याच स्वयंपाकघरातून बाहेर ठेवलं. ती दारात उभी राहून बघत होती. कुलूप ओढून पाहिलं आणि म्हणाली, "पक्कं आहे."

२० फेब्रुवारी

कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या उशीखाली. २३९.

आईचा चेहरा पडला. "आता कुठून खाल्लं मी?"

क्रेटकडे माझं लक्ष गेलं. तिने ते पाहिलं. सोललेली सगळी संत्री पातेल्यातून काढून माझ्यासमोर मांडायला लागली. मी तिचा हात धरला. हात चिकट होता, नेहमीसारखा. लहानपणी या हाताने भरवलेला प्रत्येक घास आंबटगोड लागायचा.

नको, आई. माझा विश्वास आहे.

खरंच होता का?

२३ फेब्रुवारी

डॉक्टरांना सगळे आकडे दाखवले. म्हणाले, काही जणांची पहाटे आपोआप वाढते, खाण्याचा संबंध नसतो. रात्रीची अर्धी गोळी पूर्ण केली. शिवाय प्रयोगशाळेत एकदा रक्त द्या म्हणाले. आई म्हणाली, माल कोण सोलणार? पुढच्या महिन्यात देऊ. मी फार आग्रह धरला नाही. रोज घरी बघतोच आहोत.

त्यांनी माझं कौतुक केलं. "इतकं नीट कुणी करत नाही." परतताना आई सगळ्या रस्त्यात तेच सांगत होती, बसमधल्या अनोळखी बाईलासुद्धा — "माझी मुलगीच करते सगळं. डॉक्टर म्हणाले, इतकं नीट कुणी करत नाही."

२ मार्च

२४६. गोळी दुप्पट झाली तरी. संध्याकाळी मात्र ८४. छानच.

आईने रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं आहे. एक पोळी, कधी तीही अर्धी. मी म्हटलं, जेव. म्हणाली, "सकाळी तुझं तोंड बघवत नाही."

६ मार्च

फोनवर आकडे कळवले. डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली, सकाळची. लॅबचं विचारलं. या आठवड्यात नक्की म्हटलं.

आई बारीक झालीय. मावशी म्हणते, "सासूने केला नसता एवढा जाच लेक करतेय." थट्टेतच म्हणाली. आई माझ्या बाजूने तिच्यावर ओरडली.

११ मार्च

सकाळी सोलताना आईचे हात थरथरत होते. कपाळावर घाम. "जरा गोड चहा दे गं. पोटात खड्डा पडल्यासारखं होतंय."

मी आधी तपासलं. २४८.

मी तिला आकडा दाखवला. तिने वाचला. "मग नको," म्हणाली, आणि सुरी उचलली.

मी बिनसाखरेचा चहा दिला. सकाळची गोळी दिली, पोळीचा तुकडा दिला. तो तिने तसाच ठेवला. मी आंघोळीला गेले.

बाहेर आले तर ती क्रेटला टेकून बसली होती. मला वाटलं, झोप लागली.

१२ मार्च

दवाखाना. साखर ३१ होती म्हणाले. एवढी कमी किती वेळ होती ते सांगता येत नाही. आई डोळे उघडत नाही.

मी सांगितलं, घरी २४८ होती. अर्ध्या तासापूर्वी! तिथला तरुण डॉक्टर माझ्याकडे दमल्या डोळ्यांनी बघत म्हणाला, "मशीन बिघडलंय तुमचं. फेकून द्या."

१३ मार्च

मशीन घेऊन दुकानात गेले. त्या माणसाने ठरावीक साखरेचं तपासणीचं द्रावण काढून पट्टीवर थेंब टाकला. पुन्हा टाकला. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेतच. "ताई, मशीन चोख आहे."

मला ते बिघडलेलं हवं होतं.

१६ मार्च

आई गेली. दुपारी. मी तिचं बोट धरून होते. टोचल्याचे बारीक काळे ठिपके होते त्यावर. मीच केलेले.

२२ मार्च

लोक येतात. मावशी दाराशी सगळ्यांना तेच सांगते. साखर होती, तोंडाला आवर नव्हता, लेकीने कुलूप घातलं तरी ऐकलं नाही, बिचाऱ्या लेकीने किती केलं. मी आत बसून ऐकते. खोडून काढायला माझ्याजवळ काय आहे? आकडे तिच्याच बाजूने बोलतात.

३१ मार्च

आईचं काम आता मावशीने घेतलंय. क्रेट मात्र आमच्याकडेच उतरतात, तिच्या घरी जागा नाही. पहाटे ती येते, मी दार उघडते आणि तिच्याबरोबर सोलायला बसते. ऑफिसला जाईपर्यंत हात रिकामे नको वाटतात.

आज सोलता सोलता मावशी म्हणाली, "तुला सांगू? ताई मला म्हणाली होती, मी खात नाही गं, देवाशप्पथ. पण पोरगी एवढी शिकलीय, तिचं मशीन म्हणतं खाते, म्हणजे मी खातच असेन. आपल्याला काय कळतं." मग नाक पुसत म्हणाली, "बघ, शेवटपर्यंत कबूल नाही झाली."

माझ्याजवळ झाली होती कबूल. दोन बिस्किटं.

४ एप्रिल

सकाळी उठून उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधार आला. दोन दिवस धड जेवण नाही, त्याचंच असेल. तरी सोलायला बसले. मावशी मात्र हट्टाला पेटली. "आईची होती, तुलाही असणार. मशीन काढ." क्रेट अर्धं झालं होतं. उठून मशीन आणलं. फडक्याला हात पुसले, स्पिरिट लावलं, वाळू दिलं. सगळं नेहमीसारखं.

२६३.

मावशी रडायला लागली. मला रडू आलं नाही. खरं लिहायचं तर हलकं वाटलं. म्हटलं, बरं झालं. आईला जे होतं तेच मला आहे. आता मलाही कुणी काही खायला देणार नाही.

५ एप्रिल

उठल्या उठल्या, क्रेट यायच्या आधी पुन्हा तपासलं. ८८.

पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली. ९०.

गाडी आली. एक संत्रं सोललं. फडक्याला पुसलं, स्पिरिट लावलं, कोरडं होऊ दिलं. २५७. मोरीत गेले, साबणाने हात धुतले, टॉवेलने पुसून कोरडे केले. ९२.

आई रोज म्हणायची, थांब, हात धुऊन येते.

ती रात्री उठत नव्हती. झोपलेली असायची.